लिहिणाऱ्याचं नाव शेवटी

डॉक्टर म्हणाले, काकू, आता या वयात काहीतरी छंद लावून घ्या, मन रमेल. वय वर्षं तीस असेल त्यांचं. सुनेनं ते मनावर घेतलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक यादी पाठवली, घरबसल्या करता येतील असे कमी खर्चाचे छंद. कुंडीत कोथिंबीर लावा. जुन्या साड्यांची गोधडी शिवा. खिडकीत बसून पक्षी ओळखा. मी ती यादी दोनदा वाचली. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, आणि सांभार लावणं हा जर छंद असेल तर आमचं सगळं अड्याळ गाव छंदिष्ट होतं म्हणायचं. आमच्या घरात छंद हा शब्द फक्त माझ्या शाळेच्या पुस्तकात होता. बाकी होता तो नाद. अमक्याले पत्त्यांचा नाद, तमक्याले रातभर दंडारीचा खेळ पाहाचा नाद, आणि माझ्या भावाला, मधूदादाला, रेडिओचा नाद. त्या यादीत रेडिओला कार्ड पाठवणं नव्हतं. आता कोण पाठवतं बाप्पा कार्ड! पण मला जो एकच छंद आयुष्यात मनापासून करता आला तो तोच, आणि तो मी केला ते मन रमावं म्हणून नाही. सुनेला हे सांगायला गेले तर ती म्हणेल आई, पुन्हा तेच घेऊन बसल्या. म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर मागाचं. समोरच्या खोलीत दोन माग होते, एकावर बाबा बसायचे आणि दुसऱ्यावर दादा. माग चालतो तेव्हा धोटा इकडून तिकडे जातो आणि त्याचा एक ठरलेला आवाज असतो. दोन माग चालले की ते आवाज एकमेकांत मिसळून अशी काही लय धरत की पाहुण्यांना आमच्या घरी झोप लागत नसे आणि आम्हाला पाहुणे म्हणून गेलो की दुसऱ्यांच्या घरी. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम मायचं. चरख्याशी बसून ती दिवसभर कांड्या भरायची, आणि मधेच उठून भात टाकायची, लाखोळीची डाळ शिजवायची, वांग्याची भाजी करायची. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास घरात कायम असे. मी सातवीत जाईपर्यंत मला वाटायचं सगळ्यांच्याच घरांना तसा वास येतो. माय जेवायला बसायची सगळ्यात शेवटी, पण बसली म्हणजे छान मांडी घालून बसायची. ताटाएवढा भात. बाबा चिडवायचे, "कौसल्ये, सारं बांधीभर धान खाऊन राहिली का वो?" ती म्हणायची, "तुमच्या बापाच्या घरचं खाऊन राहिली, तुमाले काहून दुखते?"

रेडिओ दोन मागांच्या मधल्या फळीवर होता. सेल उतरले की दादा ते उन्हात ठेवायचा, तापले की परत घालायचा, आणि त्या तापलेल्या सेलांवर आणखी दोन दिवस काढायचा. दुपारी फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागे. त्या वेळी दादाचा माग थांबायचा. बाबा रागावत, पण आवाज नीट ऐकू यावा म्हणून हळूच आपलाही हात धीमा करत. गाणी दादाला आवडायची, पण खरा नाद गाण्यांचा नव्हता. नाद होता नावांचा. पंधरा पैशाचं कार्ड घ्यायचं, त्यावर हिंदीत गाण्याची फर्माइश लिहायची आणि खाली ऐकणाऱ्यांची नावं. मग निवेदिका तिकडे दूर कुठेतरी बसून म्हणायची, "अड्याळ, जिल्हा भंडारा से..." आणि पुढे आमच्या गल्लीतली माणसं. दादानं आणि त्याच्या जोडीदारानं, गुलाबनं, मिळून एक श्रोता संघच काढला होता. चांदणी श्रोता संघ. सभासद म्हणजे पानठेल्यावर उभी राहणारी सहा-सात पोट्टी. रबरी शिक्का मात्र केला होता, आणि तो शिक्का कार्डावर मारताना दादा इतका गंभीर व्हायचा की जसा काही तहसीलदार.

त्याचं कार्ड पाहण्यासारखं असे. हिरव्या शाईचं पेन, मुंगीएवढं अक्षर, कडेनं लाल रेघ. त्याचं म्हणणं होतं की ढिगाऱ्यातून कार्ड उचलणाऱ्याची नजर आधी कडेवर जाते. खरंखोटं त्यालाच माहीत. पण आमची कार्डं लागायची, आठवड्यातून एखादं, कधी दोन. "लागलं, लागलं!" अशी पानठेल्यावरून आरोळी आली की समजायचं. नावांवरून मात्र भांडणं फार. कार्ड लांब असलं तर निवेदिका पहिली चार-पाच नावं घ्यायची आणि "और इनके सभी साथी" म्हणून मोकळी व्हायची. मग शेपटातली पोट्टी रुसायची. म्हणून दादानं नियम केला होता की नावं आळीपाळीनं वरखाली होतील, फक्त लिहिणाऱ्यानं आपलं नाव शेवटी घालायचं. रेडिओवाल्यांच्या जगात तशी रीतच होती म्हणे. जो स्वतःचं नाव पहिलं लिहितो तो हावरा. दादा सगळी कार्डं लिहायचा, त्यामुळे त्याचं नाव बहुतेक वेळा साथ्यांमध्ये गडप व्हायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे. एकदा त्यानं आमच्या बकरीचं नाव घातलं, चंपा, आणि ती बाई रेडिओवर अगदी आदरानं म्हणाली, "चंपाजी". माय हसता हसता चरख्यावर पडली. एकदा मायचं घातलं, कौसल्याबाई. त्या दिवशी ती हसली नाही. नुसती रेडिओकडे पाहत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "माहं नाव कसं बरोबर घेतलं वो तिनं."

या नादात त्याचे दोस्तही झाले होते, न पाहिलेले. एकमेकांची नावं रेडिओवर ऐकून ही माणसं पत्रं लिहायची. त्यातला एक बपेऱ्याचा रूपचंद. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागलेलं. आमच्याकडून तिकडे जायला दिवस मोडायचा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण रूपचंद आपल्या कार्डात दादाचं नाव घालायचा आणि दादा त्याचं. पत्राचा शेवट ठरलेला, एकदा भेटू. माणसं अशी वर्षानुवर्षं एकदा भेटू म्हणत राहायची आणि त्यातच त्यांना पुरेसं वाटायचं.

पोळा झाला आणि चार दिवसांनी दादाला ताप आला. धानाच्या दिवसात गावात ताप असायचाच, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ओळख देईना. भंडाऱ्याला नेलं, तिथे सांगितलं की ताप मेंदूत गेला. मी घरीच होते, चंपाला चारा घालत. बाबा आणि गुलाब त्याला ज्या जीपमधून घेऊन आले ती जीप मला आठवते, तिच्या मागच्या काचेवर काढलेला मोर आठवतो. बाकी नाही. लोक रडत होते हे मला दिसत होतं. मी रडले नाही. आतून काहीतरी येईल म्हणून मी वाट पाहत होते आणि काही येत नव्हतं. आजकाल याला काहीतरी नाव आहे, माझ्या नातीनं मला सांगितलं होतं. तेव्हा बायका म्हणत, पोट्टी दगडाची आहे. मला तेही लागलं नाही. लागायला काही हवं ना आत.

तेरवी झाली आणि बाबा मागावर बसले. बसावंच लागतं. पण आता एकच माग चालत होता, आणि त्या आवाजात मधे मधे जी जागा रिकामी राहायची ती मला कानात बोट घातलं तरी ऐकू यायची. मायनं चरखा सोडला. चूल सोडली नाही, पण तिच्यासमोर बसून राहायची, भात करपेपर्यंत. कांड्या मी भरू लागले, शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर, आणि हळूहळू भातही मीच टाकू लागले. कोणी मला सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. सकाळी उठायचं, हात चालवायचे. रेडिओवर मायनं एक धुतलेला पंचा टाकून ठेवला होता. ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची. बाबा म्हणायचे, "खा वो थोडं." ती म्हणायची, "जात नाही खाली." बस, एवढंच बोलणं.

मग एका दुपारी शेजारच्या पार्वतीकाकूच्या रेडिओवरून भिंतीपलीकडून आवाज आला. "अड्याळ, जिल्हा भंडारा से गुलाब, शोभा, कौसल्याबाई और मधुकर." शोभा म्हणजे मी. कार्ड टाकल्यापासून लागेपर्यंत महिना-महिना जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. दादानं पोळ्याच्या आधी टाकलेली कार्डं आता लागत होती. बाबांचा माग थांबला. माय चुलीपासून उठली, फळीपाशी गेली, पंचा काढला, त्याची घडी केली आणि मला म्हणाली, "लाव." मी लावला. गाणं अर्ध्यावर होतं. ते संपेपर्यंत ती उभी होती. मग तिनं स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं, मांडी घालून बसली आणि जेवली. सगळं जेवली.

त्या दिवसापासून मायचं जेवण रेडिओला बांधलं गेलं. दुपारचा कार्यक्रम संपल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. दादाचं नाव आलं तर ताटभर जेवायची, संध्याकाळीही जेवायची, दोन शब्द बोलायची. नाही आलं तर पाणी प्यायची आणि पडून राहायची. आणि त्याचं नाव शेवटी! निवेदिका चार नावं घेऊन "और इनके सभी साथी" म्हणाली की मला तिचा असा राग यायचा, अगं बाई, अजून एकच नाव आहे गं, घे ना, तुझ्या बापाचं काय जातं! त्या सगळ्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर तो तेवढा राग. मायच्या बांगड्या मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. पार्वतीकाकू एक दिवस मला विहिरीवर म्हणाली, "शोभे, तुही माय अशीच राहिली तं उन्हाळा काढत नाही, पाह्य. माह्या बहिणीचं असंच झालं होतं." मी बादली भरली आणि घरी आले. मी तेरा-चौदा वर्षांची होते. माय मेली तर चूल मीच पेटवणार आणि कांड्या मीच भरणार, म्हणजे तसं काही बदलणार नाही, असा हिशेब मी रस्त्यात केला, आणि तो हिशेब करताना मला भीतीही वाटली नाही. आज ती पोरगी समोर आली तर तिला मी घट्ट धरीन. तेव्हा तिला कोणी धरलं असतं तर तिनं हात सोडवून घेतला असता, डाळ उतू जाते म्हणून.

दिवाळीच्या सुमाराला दादाची कार्डं संपली. आठ दिवस झाले, दहा झाले, नाव येईना. मी पानठेल्यावर गेले. मुलीनं पानठेल्यावर जायचं नसतं, तरी गेले. गुलाब तिथे होता. म्हटलं, तुमी कार्ड टाकता ना, दादाचं नाव घाला. त्यानं पायानं माती उकरली. "मेलेल्या माणसाचं नाव कसं लिहाचं शोभा? दोनदा बसलो लिहाले. हातच चालत नाही." त्यांनी कार्डं टाकणंच बंद केलं होतं. शिक्का त्याच्याकडे होता, तो मी मागून घेतला. कशाला पाहिजे हे त्यानं विचारलं नाही.

हात माझा चालला. हे मी अभिमानानं सांगत नाही. दादाचं हिरवं पेन होतं, त्याची दोन चुकलेली कार्डं होती, ती समोर ठेवून मी त्याचं अक्षर गिरवलं. मुंगीएवढं, कडेनं लाल रेघ. पहिलं कार्ड लिहायला मला एक अख्खी दुपार लागली, नंतर नंतर मी कांड्या भरता भरता एक लिहून टाकायची. अक्षर इतकं जमलं की शाळेच्या वहीतही तसंच यायला लागलं आणि बाईंनी मला छडी मारली. नावं तीच, गुलाब, कौसल्याबाई, सगळी. फक्त एक गोष्ट मी बदलली. दादाचं नाव मी पहिलं घातलं. शेपटात गडप होऊ द्यायला मला परवडणार नव्हतं. रीत मला माहीत होती, पण रीत पाळून मायच्या पोटात भात जाणार नव्हता. बसस्टँडजवळच्या लाल डब्यात मी कार्डं टाकायची, शाळेत जाताना. साठवलेले खाऊचे पैसे संपले तेव्हा काय करावं सुचेना. मग एका सकाळी रेडिओखाली कोरी कार्डं दिसली, सुतळीनं बांधलेली. घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं ठेवणारं. बाबा पाठमोरे मागावर बसले होते. मी कार्डं उचलून दप्तरात टाकली. मी विचारलं नाही, त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

महिन्याभरानं पहिलं लागलं. "अड्याळ, जिल्हा भंडारा से मधुकर..." माय जेवली. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला काहीतरी वाटेल, आनंद किंवा चोरी केल्यासारखं. काही नाही. मी उठून तिला भात वाढला आणि लगेच मनात पुढच्या कार्डाचा विचार, या वेळी कोणतं गाणं लिहावं, कोणतं लिहिलं तर लवकर उचलतील. एक गोष्ट मात्र मी खरंच वाईट केली. रूपचंदची पत्रं येत होती. पहिलं आलं ते मी चरख्याखालच्या टोपलीत सुताच्या खाली दाबलं. दुसऱ्यात त्यानं लिहिलं होतं, भाऊ, माझं काही चुकलं का, तुम्ही उत्तर देत नाही. त्याला एका ओळीत कळवता आलं असतं. पण कळवलं तर तो दादाचं नाव त्याच्या कार्डात घालणं बंद करेल, गुलाबसारखा, आणि त्याच्या कार्डामुळे कधीमधी एखादी जास्तीची दुपार निघत होती. मी दुसरंही पत्र दाबलं.

संक्रांत होऊन गेली होती. रविवार होता, कारण मी घरी होते. सकाळचं ऊन अंगणात आलेलं, माय ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती, मी कांड्या भरत होते, बाबा मागावर. एक माणूस फाटकात उभा राहिला. पंचविशीचा, काळासावळा, डोक्याला तेल, हातात कापडी पिशवी. कपड्यांवर एसटीची सगळी धूळ. त्यानं मायला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मधुकरभाऊचं घर हेच ना? मी बपेऱ्यावरून आलो माय. रूपचंद. रेडिओवाला रूपचंद."

धोटा थांबला. माझा चरखा थांबला. माय म्हणाली, "हो, हेच आहे. बसा बाबू." मी पाणी आणायला उठले आणि पाणी भरलेला गडू हातात घेऊन आतच उभी राहिले. बाहेर तो बोलत होता, दोन गाड्या बदलून आलो, काल भंडाऱ्यात मावशीकडे थांबलो. "दोन चिठ्ठ्या टाकल्या, भाऊचं उत्तर नाही. म्हटलं रागावले का काय. पण रेडिओवर तं नाव येऊन राहिलं बराबर. अन् माय, खरं सांगू का, भाऊ आपलं नाव नेहमी शेवटी लिहे. आमी तिकडे साऱ्यांले सांगो, पाहा, माणूस असा पाहिजे. आता महिना-दीड महिन्यापासून पहिलं येऊन राहिलं. मले काही समजलं नाही. म्हटलं जाऊन पाहावं, काय झालं भाऊले." तो हसला. थट्टा करत होता तो, आपल्या माणसाची करतात तशी. कोणीच हसलं नाही तेव्हा त्यानं बाबांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, ज्याला हार होता.

"मधुकर वारला, बाबू," माय म्हणाली. "पोळ्याच्या मागं. तापानं."

तो उठून उभा राहिला आणि परत बसला. "पोळ्याच्या?" असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "पण परवा तं..." आणि थांबला. तो शेतकरी माणूस, पण रेडिओवाला होता. कार्डाला किती दिवस लागतात ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याला कळलं. मला आतून त्याचा चेहरा दिसत होता, त्याला कळलं ते मी पाहिलं, आणि मग मी मायकडे पाहिलं. ती सुपातले तांदूळ बोटानं इकडून तिकडे करत होती. तिला त्याच वेळी कळलं की आधीपासून कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ती नाही.

रूपचंदनं पिशवी पुढे केली. त्यात त्याच्या शेतातला चिन्नोर होता, दादासाठी आणलेला. घरी खायला ठेवतात तो वासाचा तांदूळ, विकत नाहीत. तो ती पिशवी ठेवून जायला निघाला, खाली मान घालून. माय म्हणाली, "जेवल्याबिगर नाही जाचं. त्याच्या दोस्ताले मी उपाशी धाडू काय?" आणि उठली. चार महिन्यांनी माय चुलीशी कामाला बसली. मला तिनं सांभार आणायला पाठवलं, भेदरं, म्हणजे टमाटे, चिरायला लावली. चिन्नोराचा वास घरभर झाला, खळीच्या वासावरून. ते सगळं मी लांबून पाहत असल्यासारखं पाहत होते. मला फक्त एकच वाटत होतं, आज रेडिओ लागू नये. आज सेल उतरलेले असावेत. पण सेल मीच सकाळी उन्हात ठेवले होते.

पाहुणा आणि बाबा ताटावर बसले तेव्हा कार्यक्रमाची वेळ झाली. माय म्हणाली, "शोभे, लाव." मी तिच्याकडे पाहिलं. ती परत म्हणाली, "लाव नं." मी लावला. पहिलं गाणं कुठल्याशा रायगडच्या लोकांचं. दुसरं कोणाचं आठवत नाही. तिसऱ्याला ती बाई म्हणाली, "अड्याळ, जिल्हा भंडारा से मधुकर, कौसल्याबाई, गुलाब..." रूपचंदचा घास हातातच राहिला. बाबांनी ताटाकडे पाहत डोळे मिटून घेतले. गाणं मी फार विचार करून लिहिलं होतं, लवकर उचलतात म्हणून, उडत्या चालीचं. ते वाजत राहिलं. मायनं ओगराळ्यात भात घेतला, पाहुण्याच्या ताटात वाढला आणि म्हणाली, "जेवा बाबू, जेवा. थंडा होते."

तो जेवला. डोळे पुसत जेवला. निघताना त्यानं फाटकात थांबून विचारलं, "माय, मी लिहू का भाऊचं नाव? का बंद करू?" मायनं त्याची रिकामी पिशवी घडी करून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "तुमाले लिहावंसं वाटन तं लिहा. माह्यासाठी नोका लिहू." बाबा त्याला बसस्टँडवर पोचवायला गेले. धोतराच्या सोग्यानं चेहरा पुसत गेले, मी त्यांना तसं पहिल्यांदा पाहिलं.

घरात आम्ही दोघीच राहिलो. मी खरकटी ताटं उचलायला वाकले. माय म्हणाली, "ठेव ते. बस इकडं." मी तिच्यासमोर बसले. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"तू लिहून राहिली का?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती माझ्याकडे पाहत होती. किती महिन्यांनी पाहत होती कोण जाणे. माझा हात धरून तिनं मनगट उलटंसुलटं केलं, बोटावरचे सुताचे वळ पाहिले, हिरवी शाई पाहिली. मग फ्रॉकच्या बाहीतून दंड चाचपला, बाजारात कोंबडी चाचपतात तसा. आणि म्हणाली, "मी जेवली का नाही ते तू पाहे. अन् तुले कोण वाढे वो?"

मी आठवून पाहिलं. भात मी टाकत होते हे आठवलं. बाबांना वाढत होते, तिला वाढत होते, चंपाला पेज घालत होते, हे आठवलं. मग मी काय करत होते? पातेलं घासत होते. मधे काय? मी खूप वेळ विचार केला, परीक्षेत करावा तसा, कारण ती उत्तराची वाट पाहत होती.

"आठवत नाही," मी म्हटलं.

आज इतकी वर्षं झाली, अजूनही आठवत नाही. माय उठली. स्वतः अजून जेवली नव्हती, पण ताट तिनं एकच घेतलं. पातेल्यात जेवढा चिन्नोर उरला होता तेवढा सगळा त्यात काढला, वरण ओतलं, माझ्यापुढे ठेवलं आणि मी शेवटचं शीत खाईपर्यंत समोर बसून राहिली.